रविवारच्या वर्गातून उठलेले पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी मराठीत आजवर जे लेखन झाले, ते बहुतांशी भाषेच्या अंगाने झाले. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठी आत्मसात करावी, येथल्या संतकवींच्या ओवीत बायबलची कथा सांगावी आणि १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापून काढावा, हे नवल आहेच. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या तर ज्यांनी ग्रंथ कधी उघडलाही नाही त्यांनाही ठाऊक असतात. याचा एक परिणाम असा झाला की स्टीफन्स म्हटले की आपल्याला भाषाप्रभू आठवतो आणि त्यांच्यातला शिक्षक बाजूला राहतो. वस्तुतः हा ग्रंथ पंडितांच्या सभेसाठी जन्मला नाही. त्याचे बीज पडले ते मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात.

ग्रंथाच्या आरंभी ही हकिकत आली आहे. सासष्टीतील चर्चमध्ये रविवारी सायंप्रार्थनेनंतर मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात होती. तेथे असलेल्या एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाने पाद्रीगुरूंपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही दिलेली ही शिकवण उत्तमच आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला, मन रमवायला दुसरे काही दिले नाहीत. आमच्या भाषेत असे एखादे पुराण तुम्ही का रचीत नाही?

आमच्या मते मराठी धर्मशिक्षणाच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. येथे अभ्यासक्रम वरून खाली आला नाही. तो खालून मागितला गेला. आणि मागणाऱ्याने शिकवणीची उणीव अचूक हेरली होती. तुमची उत्तरे चुकीची आहेत, असे त्याचे म्हणणे नव्हते. उत्तरांना गोष्ट नाही, हे त्याचे म्हणणे होते.

या प्रश्नामागची जखमही झाकून ठेवू नये. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील हिंदू देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडेच आले. म्हणजे ज्या श्रोत्यांपुढे हे पुराण गायले जाणार होते त्यांच्या कानांतून जुनी पुराणे नुसती विरली नव्हती. ती काढून घेतली गेली होती. 'ख्रिस्तपुराण' ही त्या रिकाम्या झालेल्या जागेची भरपाई आहे. ग्रंथाच्या गोडव्याची स्तुती करताना समीक्षक या गोष्टीवरून पुढे सरकतात, ते आम्हांला योग्य वाटत नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयी जी आदराची भूमिका घेतली, तिच्या उजेडात आज कोणी मुलांसाठी पाठ लिहावयास बसला, तर त्याने पहिली शपथ हीच घ्यावी, की मुलाच्या घरातले काहीही काढून घेऊन आपण आपल्या गोष्टीला जागा करणार नाही.

आता ग्रंथाकडे अभ्यासक्रम म्हणून पाहू.

स्टीफन्स यांनी एक पुस्तक लिहिले नाही, दोन लिहिली. आणि आमच्या विवेचनाचा सारा भर या दोन पुस्तकांच्या जोडीवर आहे. पहिले 'ख्रिस्तपुराण'. दुसरे 'ख्रिस्ती शिकवण', जे त्यांच्या १६१९ मधील मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. पुराण मराठीत आहे, शिकवण कोकणीत आहे. पुराण ओवीबद्ध कथा आहे, शिकवण गद्य प्रश्नोत्तरे आहेत. ज्या भाषेत आई मुलाला हाक मारते त्या भाषेत प्रश्नोत्तरे, आणि ज्या भाषेत गावाने आजवर पुराण ऐकले त्या भाषेत कथा, अशी ही विभागणी दिसते. एकाच माणसाने, एकाच प्रदेशासाठी, दोन निरनिराळ्या भाषा दोन निरनिराळ्या कामांसाठी निवडल्या. शिकणारा कोण, तो कुठे बसला आहे, त्याच्या कानाला कोणत्या कामासाठी कोणती भाषा सवयीची आहे, याचा असा बारकाईने केलेला विचार आजच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत आम्हांला क्वचितच आढळला.

पुराणाची रचनाही शिक्षकाची आहे. पहिल्या पुराणात उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या लोकांपर्यंतचा जुना करार. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र. पहिल्यात छत्तीस, दुसऱ्यात एकोणसाठ असे एकूण पंचाण्णव 'अवस्वर' म्हणजे अध्याय आहेत. एका बैठकीला एक अवस्वर धरला तरी जवळजवळ दोन वर्षांचे रविवार भरतात. त्यातही कथा सलग आहे, आणि हे सलगपण हीच तिची खरी शिकवण आहे. आमच्या मुलांना नोहाची नाव माहीत असते, दाविदाची गोफण माहीत असते, काना गावचे लग्न माहीत असते. पण यांतले आधी काय आणि नंतर काय, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे विचारले की वर्ग गप्प होतो. सुटे मणी हाती आहेत, सूत नाही. स्टीफन्स यांनी सूत आधी ओढले.

आणखी एक गुण. या पुराणात श्रोते मुके नाहीत. कथा मध्येच थांबवून ते शंका विचारतात आणि गुरू उत्तर देतात. जुन्या पुराणांतली ही श्रोता-वक्त्याची रीत स्टीफन्स यांनी उचलली खरी, पण तिला त्यांनी नुसती सजावट म्हणून वापरलेली नाही. शंका खऱ्या आहेत, काही तर अडचणीत टाकणाऱ्या आहेत. प्रश्नोत्तराच्या पुस्तकात प्रश्नही गुरूचा आणि उत्तरही गुरूचे असते. मुलाच्या वाट्याला येते ती नुसती घोकंपट्टी. पुराणात प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे.

एवढे सारे मान्य करून आम्ही विचारतो, हे पुराण मुलांसाठी आहे काय? नाही. त्या रविवारी वर्गात मुले बसली होती, पण तोंड उघडले ते एका सुशिक्षित प्रौढाने, आणि ग्रंथ लिहिला गेला तो त्याच्या मागणीप्रमाणे. त्याची मराठी भारदस्त आहे, ओव्यांची संख्या मोठी आहे, प्रतिपादन लांबणारे आहे. त्या वर्गातल्या मुलांना काय हवे होते, हे कोणी विचारले नाही. निदान ग्रंथात तसे नमूद नाही. शिवाय तो छापला गेला रोमन लिपीत. देशी लिपीचे ठसे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे लिहिले होते. ते घडले नाही. परिणामी पोर्तुगीज वळणाची शाळा शिकलेल्यालाच तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणार, इतरांनी ऐकावयाचा. देवनागरीत तो छापून यावयास १९५६ साल उजाडले; शांताराम बंडेलू यांनी पुण्यात ती आवृत्ती काढली. ज्या मराठीचा कवीने इतका गौरव केला त्या मराठीच्या वाचकाला तिच्या नित्याच्या लिपीत छापील ग्रंथ मिळण्यास तीनशे चाळीस वर्षे लागावीत, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. उत्तरेकडे वसई-ठाण्याच्या बाजूला फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचे १६५९ साली छापलेले पुराण जुन्या घरांतून, विशेषतः उपवासकाळात, गायले जात राहिले. पण हळूहळू तेही आजीबरोबर गेले. वर्गात उरली ती प्रश्नोत्तरे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४२ साली गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुले गोळा केली आणि त्यांना शिकवण गाऊन म्हणावयास लावली. त्यातले गाणे गेले आणि म्हणणे उरले. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी प्रत्येक धर्मग्रामात रविवारी व सणाच्या दिवशी तासभर मुलांना शिकवण दिली जावी असा दंडक घातला. आज आपण जिला रविवारची शाळा म्हणतो तिचा तास तेथून आला आहे. तास आला, पुस्तक आले, हजेरीपट आला, वर्षअखेरीचे बक्षीस आले. अवस्वर मात्र आला नाही.

पाठांतराला आम्ही तुच्छ लेखत नाही. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धर्मशिक्षणावरील आपल्या पत्रात स्मरणशक्तीची बाजू मुद्दाम घेतली होती, आणि ती योग्यच होती. रात्री अंधारात भ्यालेल्या मुलाच्या तोंडी 'नमो मारिया' येते ते पाठ असते म्हणूनच. प्रश्न इतकाच, की पाठ केलेले ज्यावर रुजावयाचे ती जमीन आपण कधी नांगरली काय? पुष्कळ धर्मग्रामांत प्रथम ख्रिस्तप्रसाद हा मुलाचा वर्गप्रवेश न ठरता निरोपसमारंभ ठरतो. दृढीकरणापर्यंत टिकलेलीही त्यानंतर दिसत नाहीत. अशा वेळी आपण टीव्हीला दोष देतो, क्रिकेटला देतो, अलीकडे मोबाइलला देतो. पुस्तकाला कोणी दोष देत नाही. कारण पुस्तक मान्यताप्राप्त असते.

हे पुस्तक बहुधा शहरात लिहिलेले असते, आणि अनेकदा इंग्रजीवरून उतरवलेले. वसईच्या किंवा मुंबईच्या मुलाला त्याची फारशी अडचण वाटत नाही, असे आपल्याला वाटते. पण घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला विचारून पाहिल्यास निराळे उत्तर मिळेल. मात्र या पुस्तकाची खरी परीक्षा होते ती शहापूर-मुरबाडच्या बाजूला. शेणव्याच्या परिसरात एखादी शिक्षिका किंवा धर्मभगिनी रविवारी चारदोन पाड्यांतली मुले एकत्र बसवील, तर तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असेल, ते पाहू.

तेथे मुलांची घरची बोली ठाकरी, कातकरी, वारली किंवा कुणबाऊ. शाळेची मराठी त्यांना समजते. परंतु ती सरकारी कामाची आणि परीक्षेची भाषा म्हणून समजते. तिच्यात चूक झाली तर छडी आठवते. 'पापनिष्कृती', 'पवित्रीकरण', 'मध्यस्थ' हे शब्द तिथे उच्चारणे म्हणजे मुलाला दारातच थांबवणे आहे. येथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण हा वारसा सर्वांचा आहे. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ती मुक्तिसदनातल्या साध्या बायकांना कळावे म्हणून. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्यांना अवघड मराठी सहज लिहिता आली असती त्यांनी सोपी लिहिण्यासाठी कष्ट घेतले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० साली 'सुबोध बायबल' दिले, तेही याच वाटेने.

स्टीफन्स यांची विभागणी शेणव्याला लावावयाची तर काय करावे? आमचे मत असे आहे, की येथे ती उलटी करावी. प्रश्नोत्तरे आणि प्रार्थना मुलाने प्रमाण मराठीत शिकाव्यात, कारण उद्या ते ठाण्याला, कल्याणला किंवा वसईला गेले तरी तेथल्या मिस्सेत त्याला इतरांबरोबर तोंड उघडता आले पाहिजे. पण गोष्ट त्याच्या बोलीत सांगितली जावी. सासष्टीत पुराणाची भाषा मराठी होती. पाड्यावर मात्र गोष्टीची भाषा आजीची आहे. हे मत सर्वांना पटेल असे नाही. बोलीत छापले की मुलांना मागे ठेवले असा आक्षेप येतो, आणि तो आक्षेप घेणारे अनेकदा त्या पाड्यांतलेच शिकलेले तरुण असतात, हेही लक्षात घ्यावे. म्हणूनच आम्ही छापा म्हणत नाही, सांगा म्हणतो.

आता गोष्टींतल्या वस्तूंविषयी. पेरणाऱ्याचा दृष्टांत प्रत्येक पुस्तकात असतो आणि त्यासोबत सपाट नांगरटीवर झोळीतून गहू उधळणाऱ्या माणसाचे चित्र असते. शेणव्याच्या मुलाला शेती शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात राब भाजण्यासाठी पालापाचोळा त्याने वाहिलेला असतो, पावसात आवणाच्या जुड्या खाचरात टाकल्या असतात, वरकस जमिनीवरच्या नागली-वरईची राखण केलेली असते. हे मूल म्हणेल, "वाटेवर आणि खडकावर बी टाकणारा हा कसला शेतकरी?" येथे शिक्षक घाबरतो आणि पुस्तकातला अर्थ सांगून मोकळा होतो. पण हाच तर दृष्टांताचा दरवाजा आहे. इतके जपून वापरावयाचे बी एवढ्या सढळ हाताने टाकणारा कोण असावा, हा विचार ज्याच्या घरी बियाण्याची पायली मोजून ठेवलेली असते त्या मुलाच्या मनात जितका खोल उतरेल, तितका तो शहरातल्या मुलाच्या उतरणार नाही. तीच गोष्ट तणाच्या दृष्टांताची. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे मालक म्हणतो. भाताची बेणणी केलेल्या मुलाला हे पटणार नाही, आणि पटू नये. त्याला वाद घालू द्यावा. भातासारखेच दिसणारे तण कोवळेपणी ओळखताना आपल्या हातून भातही उपटले जाते, हे तोच सांगेल.

याचा अर्थ असा नव्हे की बायबलमधली प्रत्येक वस्तू बदलून तेथे गावातली घालावी. मेंढराऐवजी शेळी, द्राक्षवेलीऐवजी कारल्याचा वेल, असली अदलाबदल करणारी हौशी पुस्तके आम्ही पाहिली आहेत. त्यांत ना बेथलेहेम उरते ना पाडा. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, पण यरुशलेमला यरुशलेमच ठेवले. मुलाला दूरचे गाव आवडते. दूरच्या गावात आपल्यासारखेच दुःख आहे, हे कळले की पुरे.

पाण्याचीच गोष्ट घ्या. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका टँकरची वाट पाहतात. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री मुंबईच्या वर्गात समजावून सांगावी लागते. येथे ती समजावून सांगण्याचा आगाऊपणा शिक्षकाने करू नये; ती दुपारीच का आली असेल, एवढे विचारून गप्प बसावे.

परंतु सर्वांत मोठी अडचण भाषेची नाही, वस्तूंचीही नाही. ती दिनदर्शिकेची आहे. आपला धर्मशिक्षणाचा वर्ग शाळेबरोबर जूनमध्ये उघडतो आणि उपासनेचे वर्ष आगमनकाळापासून सुरू होते. नाताळ, प्रायश्चित्तकाळ, पवित्र आठवडा, पुनरुत्थान हा वर्षाचा कळस डिसेंबर ते एप्रिलमध्ये येतो, आणि पुस्तकही त्याच चढणीने रचलेले असते. या पट्ट्यातली पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले अर्थातच बरोबर जातात. म्हणजे मूल गावात असते तेव्हा चर्चमध्ये सामान्यकाळ चालू असतो, आणि चर्चमध्ये ख्रिस्त जन्मतो, मरतो व उठतो तेव्हा मूल भट्टीवर असते. अशा मुलाने वर्षानुवर्षे वर्गात हजेरी लावली तरी पुस्तकातला मुख्य भाग त्याच्या वाट्याला येणारच नाही. याला मुलाची गैरहजेरी म्हणावयाचे की पुस्तकाची?

ही मुले जिथे जातात तिथे शिक्षण नेता येते, हे याच जिल्ह्यात इतरांनी करून दाखवले आहे. विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची खोपी. आम्हांला वाटते, शेणव्याचा अभ्यासक्रम लिहावयाचा तर प्रथम जून ते दिवाळी एवढाच काळ हाती आहे असे धरून लिहावा. त्या काळातही सण आहेत. संत पेत्र व पौल यांचा सण जूनच्या अखेरीस लावणीच्या तोंडावर येतो. मच्छीमार पेत्राची गोष्ट ओढ्यात मासे धरणाऱ्या मुलांना त्याच दिवसांत सांगावी. पंधरा ऑगस्टला मारियेचे स्वर्गग्रहण. आठ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिन, तेव्हा भात पोटरीला आलेले असते. उत्पत्तीची कथा पहिल्या पावसात, नोहाची कथा आषाढाच्या झडीत. ख्रिस्ताचे दुःखसहन व पुनरुत्थान यांसाठी एप्रिलची वाट पाहू नये. दाण्याने मातीत मरावे आणि मग पीक द्यावे, हे त्याचेच शब्द आहेत, आणि ते सांगण्याचा महिना येथे जुलै आहे. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस आहे, हे तर चर्चचे फार जुने म्हणणे.

आणि दिवाळीपूर्वीच्या शेवटच्या रविवारी निर्गमाचा पाठ असावा. मिसरात इस्राएलचे लोक काय करीत होते, हे आपल्या पुस्तकांत 'गुलामगिरी' या एका शब्दात उरकलेले असते. बायबल तसे उरकत नाही. ते विटा पाडीत होते. मातीत मिसळावयाचे काड मुकादमांनी बंद केले, ते लोकांनी स्वतः गोळा करावे आणि विटांची संख्या मात्र तेवढीच भरावी, असा हुकूम निघाला. भरली नाही तेव्हा मार बसला. निर्गमच्या पाचव्या अध्यायातला हा तपशील ज्या मुलाने चिखलात भाताचे तूस तुडवले आहे, ज्याचे आईबाप हजार विटांच्या हिशेबाने मजुरी घेतात आणि उचल फिटली की नाही हे विचारावयास घाबरतात, त्याला कोणी सांगितला आहे काय? वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे; मोशेची गोष्ट त्याहून जुनी आहे. दोन्ही त्या मुलाच्या मालकीच्या आहेत. हा पाठ लिहिताना शिक्षकाने स्वतःच्या पदरचे एकही वाक्य घालू नये, असे आम्ही सुचवू. अध्याय वाचावा आणि मुलांना बोलू द्यावे.

कोणी विचारील, ज्याने त्याने आपला अभ्यासक्रम लिहावयाचा तर चर्चच्या शिकवणीची एकवाक्यता राहणार कशी? शंका रास्त आहे. उत्साही शिक्षकाच्या हातून त्रैक्याचे तीन देव होतात आणि साक्रामेंतांचे चमत्कार होतात. म्हणूनच धर्मशिक्षणाच्या पुस्तकांना स्थानिक महागुरुस्वामींची मान्यता लागते, आणि ती असावी. स्टीफन्स यांचा ग्रंथही धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने छापला गेला होता. पण हीच चर्च दुसऱ्या बाजूने काय म्हणते तेही पाहावे. १९९२ साली कॅथॉलिक चर्चची जी नवी श्रद्धाशिकवण प्रसिद्ध झाली तिच्या प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले आहे, की शिकणाऱ्यांची संस्कृती, वय आणि परिस्थिती यांना अनुरूप मांडणी हे त्या ग्रंथाचे काम नाही. ते काम स्थानिक पुस्तकांनी व शिकवणाऱ्यांनी करावयाचे आहे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी प्रापंचिकांसाठी धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन केले, ते काही हजेरी घेण्यासाठी नव्हे. तेव्हा स्वतः पाठ लिहिणे हे बंड नाही. ते लिहून, वर्गात वर्षभर वापरून, मुलांच्या शंका समासात टिपून, मगच वरिष्ठांपुढे ठेवावे. आपल्याकडे क्रम उलटा असतो: आधी छपाई, मग वर्ग, आणि समास कोराच.

तो समास हाच आमच्या दृष्टीने 'ख्रिस्तपुराणा'तून आजच्या शिक्षकाने घ्यावयाचा धडा आहे. स्टीफन्स यांनी त्या ब्राह्मणाचा प्रश्न ग्रंथात ठेवला, गाळला नाही. शेणव्याच्या वहीत मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत राहावेत, त्यांचे उत्तर सापडले नसले तरी.

वही म्हटले ती मुद्दामच. तिला छापखान्याची गरज नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्स निघते. पंधरा-वीस पानांची, दोऱ्याने शिवलेली, मुलाच्या पिशवीत मावेल अशी असावी. दिवाळीनंतर ती मुलाबरोबर भट्टीवर जाईल. तिच्यात निर्गमाच्या पाठानंतर एकच पाठ हवा, नाताळचा: नावनोंदणीसाठी सरकारी हुकुमावरून गाव सोडून निघालेले जोडपे, बाई दिवस भरलेली, उतरावयास जागा नाही. चार ओळी, मोठ्या अक्षरांत, म्हणजे घरातले जे कोणी थोडेबहुत वाचू शकते ते वाचून दाखवील. आणि त्याखालचे अर्धे पान कोरे ठेवावे; बाळ कुठे जन्मले असेल त्या जागेचे चित्र मुलाने तेथे काढावे, आणि जूनमध्ये परत आल्यावर ते वर्गात दाखवावे.